परदेशी निघालात? इथलं बंद घर, तिथलं भाड्याचं घर आणि चोरीचा विमा

कोल्हापुरात आता राजारामपुरीच्या गल्ल्यांत, ताराबाई पार्कात, रुईकर कॉलनीत, कळंब्याकडच्या नव्या अपार्टमेंटमध्ये कुलूपबंद घरं सर्रास दिसतात. मुलगा म्युनिकला, मुलगी डॅलसला, आई-वडील सहा महिने इकडे आणि सहा महिने तिकडे. पेपरात अधूनमधून बातमी येते, ‘बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून ऐवज लंपास’. त्या बातमीत तोळे असतात, रोकड असते, पण पुढे विम्याचे पैसे मिळाले की नाही ते कधी छापून येत नाही. बऱ्याचदा घराचा विमाच नसतो. असला तरी तो चोरीचा नसतो, आणि घरच्यांना ते चोरी झाल्यावर कळतं.

नोकरीला किंवा शिकायला पहिल्यांदाच बाहेर निघालेल्यांसाठी आणि मागे राहणाऱ्या त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितो आहे. पुढचं सगळं एकाच गोष्टीवर उभं आहे. पॉलिसी एका पत्त्याला आणि एका नावाला बांधलेली असते. तुम्ही देश बदललात म्हणून ती तुमच्यामागून विमानात बसत नाही, आणि तिकडे काढलेली पॉलिसी इथल्या कपाटावर आपोआप लागू होत नाही.

पायरी १ : कुठलं सामान, कुठल्या पत्त्यावर, कुणाच्या नावावर

कागद घ्या आणि तीन गट पाडा. पहिल्या गटात कोल्हापुरातल्या घरात राहणारं सामान, दुसऱ्यात तिकडे घेऊन जाणार ते आणि तिकडे गेल्यावर विकत घेणार ते. तिसऱ्या गटात बँकेच्या लॉकरमधलं. प्रत्येक वस्तूपुढे मालकाचं नाव लिहा. फ्लॅट तुमच्या नावावर, आत आई-वडील राहतात आणि टीव्ही-फ्रीज त्यांनी घेतलेला, असं असेल तर सामानाच्या विम्यात त्यांचं नाव यायला हवं. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर भाडेकरूचं सामान त्याचं तो बघेल, तुमची पॉलिसी तुमच्या भिंतींपुरती आणि तुम्ही ठेवलेल्या फर्निचरपुरती.

हे अर्ध्या तासाचं काम आहे. विमा एजंटला फोन करण्याआधी ते झालं पाहिजे, नाहीतर तो विकायला आणलेली पॉलिसी विकून जातो.

पायरी २ : कोल्हापुरातल्या घराची पॉलिसी बाहेर काढा आणि वाचा

१ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी विकावी लागते. गृहकर्जाबरोबर बँकेने गळ्यात घातलेली पॉलिसी त्यानंतरची असेल तर बहुधा हीच. पॉलिसी चांगली आहे. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दंगल असं बरंच काही तिच्यात येतं. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या साध्या सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं.

मात्र तिच्यातलं चोरीचं कलम नीट बघा. आग, पूर, भूकंप अशी विम्यात धरलेली घटना घडली, त्या घटनेमुळेच चोरी झाली आणि ती घटनेपासून ७ दिवसांच्या आत झाली, तरच ती चोरी या पॉलिसीत येते. एरवी बंद घर फोडून कुणी कपाट रिकामं केलं, तर मूळ ‘भारत गृह रक्षा’त त्याचे पैसे नाहीत.

आपल्या गावासाठी हे ७ दिवसांचं कलम महत्त्वाचं आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात शाहूपुरीची कुंभार गल्ली, सुतारवाडा, नागाळा पार्काचा खालचा भाग, चिखली, आंबेवाडी इथली माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली आणि घरं उघडी-वाघडी मागे राहिली. पाणी असताना किंवा ओसरताना अशा घरातून सामान गेलं तर ते या कलमात बसू शकतं, पण सात दिवसांच्या आतलं. तुम्ही परदेशात असाल आणि पंचगंगा धोक्याच्या पातळीवर गेल्याचं कळलं, तर पाणी उतरताच कुणाला तरी घरी पाठवा, तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढायला सांगा आणि काही गेलं असेल तर त्याच दिवशी तक्रार नोंदवा. महिन्याभराने कळलेली चोरी त्या सात दिवसांतली होती हे सिद्ध करणं फार अवघड जातं.

नेहमीच्या चोरीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. ते घरफोडीचं जोड-संरक्षण म्हणून मिळतं किंवा ज्यात घरफोडीचा विभाग आहे अशी गृहस्थ विमा पॉलिसी घेता येते. ती घेताना एजंटला तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं ईमेलवर लेखी घ्या. तोंडी उत्तराचा पुढे काहीही उपयोग होत नाही.

पहिला प्रश्न, जबरदस्तीने आत शिरल्याची खूण लागते का? बहुतेक घरफोडी पॉलिसींत लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदनलाल या खटल्यात हेच सांगितलं की पॉलिसीत घरफोडीची व्याख्या बळाच्या वापराशी जोडलेली असेल, तर बळाशिवाय झालेल्या चोरीचा दावा बसत नाही. म्हणजे तुटलेला कोयंडा, वाकलेला गज, फुटलेली काच यांतलं काहीतरी लागतं. कुंडीखाली ठेवलेल्या किल्लीने कुणी आत गेलं आणि जाताना परत कुलूप लावून गेलं, तर सोनं गेल्याचं खरं असूनही दावा अडकतो. आपल्याकडे किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवायची पद्धत आहे. ठेवा, जरूर ठेवा, पण एकाच विश्वासू माणसाकडे, आणि कुणाकडे ठेवली ते लिहून. घरकामाला येणाऱ्या माणसाने केलेली चोरी पॉलिसीत येते की नाही, हेही याच वेळी विचारा.

दुसरा प्रश्न, घर सलग किती दिवस रिकामं चालतं? परदेशी राहणाऱ्याचे दावे इथेच बुडतात. घरफोडीच्या पॉलिसींत घर सलग काही दिवस दिवस-रात्र रिकामं राहिलं तर संरक्षण थांबतं अशी अट असते. ती कुठे सात दिवसांची, कुठे तीस, कुठे त्याहून जास्त. कंपनीला आधी कळवून लेखी संमती घेतली असेल, तर संरक्षण चालू राहू शकतं. म्हणून निघण्याआधी कंपनीला ईमेल करा. घर अमुक तारखेपासून बंद राहणार, अमुक नातेवाईक आठवड्यातून एकदा येऊन बघणार, सोसायटीला चोवीस तास वॉचमन आहे, कॅमेरे आहेत, सगळं लिहा. कंपनी जादा हप्ता मागेल किंवा नाही म्हणेल. नाही म्हणाली तर दुसरी कंपनी शोधायला अजून तुमच्या हातात वेळ आहे.

तिसरा प्रश्न, विमा रक्कम कमी पडली तर कापून देणार का? ‘भारत गृह रक्षा’त साध्या सामानाला ही कपात लावत नाहीत, पण घरफोडीच्या बऱ्याच पॉलिसींत ती असते. घरात ८ लाखांचं सामान, हप्ता वाचवायला विमा ४ लाखांचा, आणि चोरीला गेलं २ लाखांचं. अशा वेळी कंपनी म्हणते, तुम्ही निम्म्याचाच विमा घेतला होता, म्हणून नुकसानही निम्मंच, १ लाख. विमा रक्कम ४ लाख असताना २ लाख पूर्ण का मिळू नयेत असा प्रश्न लोक रागाने विचारतात. राग समजू शकतो, पण अट पॉलिसीत छापलेली असते.

पायरी ३ : सोनं

कोल्हापुरातल्या घरात चोराला हवं असतं ते सोनं, आणि विम्यातही सगळ्यात जास्त अडचण सोन्याचीच होते. इथे घाई करू नका.

‘भारत गृह रक्षा’त दागिने, चांदीची भांडी, चित्रं अशा मौल्यवान वस्तू साध्या सामानात धरत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळं ऐच्छिक संरक्षण घ्यावं लागतं. त्यातही ते मूळ पॉलिसीतल्या घटनांपुरतं असतं, म्हणून घरफोडीचं जोड-संरक्षण दागिन्यांना लागू आहे हे तपासून घ्या. मौल्यवान वस्तूंची एकूण विमा रक्कम ५ लाखांपर्यंत आणि एकेका वस्तूची किंमत १ लाखाच्या आत असेल, तर मूल्यांकनाचा दाखला लागत नाही. आजच्या सोन्याच्या भावात साधी ठुशी सोडली तर आपल्याकडचा कुठलाही ठसठशीत दागिना लाखाच्या पुढेच जातो. दाखला करूनच घ्या.

गुजरीतून, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातून, घेतलेल्या साजाचंच बघा. पारंपरिक कोल्हापुरी साजात २१ पानं धरतात. दहा दशावताराची, आठ अष्टमंगलाची, दोन पानड्या माणिक-पाचूच्या आणि एक डोरलं. मधे जवमणी. पोकळ मण्यांत लाख भरलेली असते. आजीच्या काळातल्या पावतीवर फक्त ‘सोन्याचा साज’ आणि एक वजन असतं, कधी पावतीच नसते. नुकसान तपासायला विमा कंपनी पाठवते तो सर्व्हेअर विचारतो की हे वजन लाखेसकट की निव्वळ सोन्याचं, कॅरट किती, आणि पानं सोन्याची की सोन्याचा मुलामा दिलेली? उत्तर देणारा कागद नसेल, तर तो किमान आकडा धरतो.

म्हणून सोनाराकडून दाखला घेताना त्यात एवढं लिहून घ्या: एकूण वजन, निव्वळ सोन्याचं वजन, शुद्धता, पानांची आणि खड्यांची संख्या, त्या दिवसाचा भाव आणि एकूण किंमत. दागिन्याचे तीन फोटो काढा, पुढून, मागून आणि वजनकाट्यावर आकडा दिसेल असा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या नव्या दागिन्यांवर सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असतो. भिंग घेऊन तो वाचा आणि यादीत लिहा. जुन्या दागिन्यांवर तो नसतो. त्यामुळे जुन्याचे फोटो जास्त जपा, आणि लग्नातला साज घातलेला एखादा स्पष्ट फोटोही त्यात ठेवा. दागिना तुमच्याच घरात होता हे दाखवायला तो उपयोगी पडतो.

सोनं लॉकरमध्ये आहे म्हणून निर्धास्त असाल, तर एक नियम लक्षात घ्या. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार लॉकरमधली चोरी, आग, इमारत कोसळणं किंवा बँकेच्या माणसाची फसवणूक यांत बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच असते. भाडं ३,००० रुपये असेल तर ३ लाख. दहा तोळ्यांची किंमत त्याच्या कितीतरी पट होते. तरीही माझं स्पष्ट मत आहे की बंद घरातल्या कपाटापेक्षा लॉकर हजारपटीने बरा. लॉकर तुमच्या आणि मागे राहणाऱ्या एका माणसाच्या संयुक्त नावावर करा, वारसाची नोंद करा, आणि लॉकरमधल्या दागिन्यांना तुमची घराची पॉलिसी लागू आहे का ते विचारा. काही पॉलिसींत तशी सोय असते.

मंगळसूत्र, पाटल्या, बिलवर तिकडे नेणार असाल तर निघताना विमानतळावरच्या सीमाशुल्क कक्षातून त्या दागिन्यांचं निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. परत येताना हेच सोनं बाहेरून आणलं म्हणून शुल्क मागितलं जात नाही, आणि तिकडच्या विमा कंपनीलाही तो सरकारी कागद चालतो. त्यासाठी विमानतळावर थोडं लवकर पोहोचावं लागतं आणि सोनाराचा दाखला बरोबर लागतो. उजळाईवाडीच्या कोल्हापूर विमानतळावरून मुंबईला जोडविमान घेणाऱ्यांनी मधला वेळ हिशोबात धरावा.

पायरी ४ : निघण्याच्या आधीच्या आठवड्यात

मोबाईलवर घराचा एक सलग व्हिडिओ करा, दारापासून सुरू करून प्रत्येक खोली, प्रत्येक कपाट उघडून. लॅपटॉप, टीव्ही, कॅमेरा यांच्या मागचे क्रमांक जवळून दाखवा. फोनचा आयएमईआय क्रमांक *#०६# दाबलं की दिसतो. बिलं स्कॅन करा. हे सगळं क्लाउडवर ठेवा, कारण चोर लॅपटॉप नेतो तेव्हा त्यातली यादीही जाते.

भाऊ, वडील, मामा, कुणातरी एकाच्या नावे मर्यादित मुखत्यारपत्र करून नोटरी करा. त्यात पोलिसांत फिर्याद देणं, विमा कंपनीशी पत्रव्यवहार, सर्व्हेअरला घर दाखवणं आणि दाव्याच्या कागदांवर सही एवढेच अधिकार द्या. विक्रीचे अधिकार यात घालू नका. इथे असताना हे एका दुपारचं काम असतं, तिकडे गेल्यावर त्यासाठी भारतीय दूतावासाची वेळ घ्यावी लागते.

बँक खातंही बघून घ्या. अनिवासी झाल्यावर साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींच्या रुपयातल्या खात्यात बदलून घ्यावं लागतं. पॉलिसीत जुनं खातं राहिलं, तर दावा मंजूर होऊनही पैसे परत फिरतात.

घर बंद राहणार असल्याचं जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवून पोच घ्या. फेसबुकवर विमानतळाचा फोटो टाकायचाच असेल तर तिकडे पोहोचून चार दिवस झाल्यावर टाका, आणि घर रिकामं आहे हे त्यातून कळू देऊ नका.

पायरी ५ : तिकडच्या भाड्याच्या घराचा विमा

नव्याने गेलेली मुलं म्हणतात, घरमालकाचा विमा आहे ना. घरमालकाचा विमा त्याच्या भिंतींचा असतो. तुमचा लॅपटॉप, कोट, कुकर, सोनं यांच्याशी त्याला देणंघेणं नसतं. इथून नेलेला प्रवास विमा मुख्यतः प्रवासातल्या बॅगा, पासपोर्ट आणि आजारपण यांचा असतो, घर मांडल्यावरच्या चोरीला तो पुरत नाही. भाडेकरूचा सामान विमा वेगळा घ्यायचा, आणि तो तिकडच्या कंपनीकडून. देशागणिक अटी बदलतात.

जर्मनीत याला हाउसराट विमा म्हणतात. शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत शिकलेली आपली बरीच पोरं आता तिकडे निघाली आहेत. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करारही केला आहे. त्यामुळे हे थोडं सविस्तर सांगतो. हाउसराटमध्ये घरफोडी आणि मारहाण करून केलेली लूट येते. ट्राममध्ये खिसा कापला, कॅफेत टेबलावरचा फोन उचलला, हे साधारणपणे येत नाही. बऱ्याच कंपन्या घराच्या दर चौरस मीटरमागे साधारण ६५० युरो धरून विमा रक्कम काढतात आणि तशी घेतली तर कमी विम्याची कपात लावत नाहीत. ६० चौरस मीटरचं घर म्हणजे ३९,००० युरो. रस्त्यावर लावलेली सायकल हवी असेल तर सायकल चोरीचं जोड-संरक्षण वेगळं मागा, तिकडे सायकलीच जास्त जातात. सायकलच्या सांगाड्यावरचा क्रमांक घेताच लिहून ठेवा. घर सलग ६० दिवसांहून जास्त रिकामं राहणार असेल, तर कंपनीला कळवायची अट नेहमीची आहे.

अमेरिकेत भाडेकरूसाठी रेंटर्स पॉलिसी असते. ती चोरीला धरते, आणि तुमचं सामान जगात कुठेही असलं तरी धरते. गाडीची काच फोडून लॅपटॉप नेला तर तो गाडीच्या विम्यात येत नाही, रेंटर्समध्ये येतो. हे तिथे वर्षानुवर्षं राहणाऱ्यांनाही माहीत नसतं. पण आपल्या माणसांना सगळ्यात जास्त धक्का बसतो तो दागिन्यांच्या मर्यादेचा. नेहमीच्या नमुना पॉलिसीत दागिन्यांच्या चोरीला सगळे मिळून १,५०० डॉलरची मर्यादा असते. सामानाची विमा रक्कम ३०,००० डॉलर असली तरी पाटल्या, बिलवर, मंगळसूत्र मिळून दीड हजारच. त्यावर उपाय म्हणजे दागिने नावानिशी वेगळे नोंदवणं. त्याला मूल्यांकन लागतं आणि थोडा जादा हप्ता. रोख रकमेची मर्यादा तर २०० डॉलरच्या आसपास असते.

रूममेट तुमच्या पॉलिसीत येत नाही, त्याची त्याने काढायची. आई-वडील भेटीला आले आणि घर फोडून आईच्या बांगड्या गेल्या, तर पाहुण्यांच्या सामानाला तुमच्या विनंतीवरून तुमच्याच पॉलिसीचं संरक्षण देण्याची तरतूद तिथल्या नमुना पॉलिसीत आहे. ती मागावी लागते, आणि दीड हजाराची मर्यादा तिथेही राहते.

अमेरिकेत डिडक्टिबल म्हणजे तुमच्या खिशातून जाणारी पहिली रक्कम बहुधा ५०० किंवा १,००० डॉलर असते. ७०० डॉलरचा फोन गेला आणि डिडक्टिबल ५०० असेल तर हाती येतात २००. त्यासाठी दावा लावू नका. तिकडे दाव्याची नोंद सात वर्षांपर्यंत राहते आणि पुढचा हप्ता वाढतो. पॉलिसी घेताना वस्तूची किंमत ‘नवी घेण्याची’ धरतात की ‘घसारा वजा करून’ धरतात हेही बघा. दुसरी स्वस्त पडते, पण तीन वर्षं वापरलेल्या लॅपटॉपचे तिच्यात फारच थोडे पैसे येतात.

ब्रिटनमध्ये सामान विमा घेताना तीन मर्यादा तपासा: एका वस्तूमागे जास्तीत जास्त किती, घराबाहेर नेलेल्या वस्तूंना संरक्षण आहे का, आणि घर किती दिवस रिकामं चालतं. शेवटची मर्यादा बहुधा ३० किंवा ६० दिवस असते. चार-पाच जण मिळून घर घेतलं असेल, तर तुमच्या खोलीला स्वतंत्र कुलूप हवं आणि ते तोडल्याची खूण हवी, अशी अट नेहमी भेटते.

दुबई-शारजातही नियम तोच. इमारत मालकाची, सामानाचा विमा तुमचा.

पायरी ६ : सुट्टीला गावी येताना

गणपतीला आलात आणि दिवाळी करूनच परत गेलात, तर तिकडचं घर दोन महिने रिकामं राहतं. ब्रिटनमधली ३० दिवसांची अट मोडते, जर्मनीतली ६० दिवसांची मोडायला येते. निघण्याआधी कंपनीला एक ईमेल टाका.

उलट बाजूने तिकडची पॉलिसी इथे उपयोगी पडू शकते. अमेरिकेतली रेंटर्स पॉलिसी जगभर चालते. जर्मनीतल्या हाउसराटमध्ये तात्पुरतं बाहेर नेलेलं सामान साधारण तीन महिने आणि विमा रकमेच्या १० टक्क्यांपर्यंत धरतात, पण तिथेही जबरदस्तीची अट राहते. म्हणजे सुट्टीत महाद्वार रोडच्या गर्दीत कॅमेरा हातोहात गेला, तर हाउसराट देणार नाही. तोच कॅमेरा घराचा दरवाजा फोडून नेला तर देऊ शकते. पैसे मिळायला इथल्या पोलिसांची फिर्याद लागते, आणि ती तिकडच्या भाषेत भाषांतर करून द्यावी लागते.

पायरी ७ : चोरी झालीच तर

इथल्या घरात झाली असेल तर शेजाऱ्यांनी किंवा नातेवाइकांनी आत जाऊन आवराआवर करू नये. आपली माणसं धीर द्यायला येतात आणि पहिलं काम करतात ते विस्कटलेले कपडे घडी घालून ठेवण्याचं. ते थांबवा. ११२ ला फोन करा, कोयंड्याचे, कपाटाचे फोटो काढा आणि मग ज्या ठाण्याची हद्द असेल तिथे फिर्याद द्या. राजारामपुरी, शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, जुना राजवाडा, करवीर, जे असेल ते.

तुम्ही येईपर्यंत थांबायची गरज नाही. घराचा मालकच फिर्यादी हवा असं कायद्यात नाही, नातेवाईक किंवा शेजारी फिर्याद देऊ शकतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक मार्गानेही खबर देता येते, पण तीन दिवसांत त्यावर सही करावी लागते. परदेशातून ते जमणं कठीण, म्हणून प्रत्यक्ष ठाण्यात जाणारा माणूसच बरा. फिर्यादीला प्रत मोफत मिळते. ती नुसती ‘तक्रार अर्जा’ची पोच नको, गुन्हा नोंदवल्याची प्रत हवी.

घाबरलेल्या अवस्थेत दिलेल्या फिर्यादीत निम्म्या वस्तू राहून जातात. पहिल्या दिवशी ‘यादी अपूर्ण असून पडताळून पुरवणी जबाब देऊ’ असं वाक्य घाला आणि चार-पाच दिवसांत चौथ्या पायरीतल्या व्हिडिओवरून पूर्ण यादी द्या. फिर्यादीतली यादी आणि विमा कंपनीला दिलेली यादी शब्दशः जुळली पाहिजे. तिथे तीन बांगड्या आणि इथे चार, एवढ्यावरून दावे महिनोन्‌महिने लटकतात.

त्याच दिवशी कंपनीला ईमेल आणि टोल फ्री क्रमांकावर फोन करून दाव्याचा नंबर घ्या. मग सर्व्हेअर येतो. त्याला पंचनाम्याची प्रत, बिलं, दाखले, फोटो द्या. तपास लागला नाही तर पोलिसांचा अंतिम अहवाल लागतो. गुन्हा खरा पण चोर सापडला नाही, याला महाराष्ट्रात ‘अ समरी’ म्हणतात. तो मिळायला वेळ लागतो, म्हणून मागे राहणाऱ्या माणसाने ठाण्यात महिन्यातून एकदा लेखी विचारणा करत राहावं आणि प्रत्येक पत्राची पोच ठेवावी.

तिकडच्या घरात चोरी झाली तर क्रम हाच. ब्रिटनमध्ये चोर निघून गेला असेल तर १०१, समोर असेल तर ९९९, आणि पोलिसांकडून गुन्ह्याचा संदर्भ क्रमांक घ्यायचा. जर्मनीत ११०, आणि चोरीला गेलेल्या वस्तूंची यादी पोलिसांना आणि कंपनीला दोघांनाही लगेच द्यायची. तिथे उशीर केला तर रक्कम कापतात. दुबईत तातडीला ९९९, एरवी ९०१. पासपोर्ट गेला असेल तर पोलिसांचा कागद घेऊन भारतीय दूतावास गाठा.

पायरी ८ : दावा नाकारला तर

‘कळवायला उशीर केला’ एवढंच कारण असेल तर खचू नका. विमा नियामकाने सप्टेंबर २०११ मध्येच कंपन्यांना सांगितलं आहे की निव्वळ उशिरावर बोट ठेवून खरा दावा यांत्रिकपणे नाकारू नये. सर्वोच्च न्यायालयानेही २०२० साली वाहनचोरीच्या एका खटल्यात म्हटलं की पोलिसांत लगेच फिर्याद दिली असेल, तर कंपनीला उशिरा कळवणं हे नकाराचं कारण होऊ शकत नाही. परदेशात असल्यामुळे उशीर झाला असेल तर पासपोर्टवरचे शिक्के आणि तिकिटं जोडा.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. उत्तर मिळालं नाही किंवा पटलं नाही तर ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार करता येते. महिनाभर वाट पाहूनही काही झालं नाही किंवा नकाराचं पत्र आलं, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. कोल्हापूर पुण्याच्या कार्यालयाकडे येतं. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात, अर्ज ऑनलाइन करता येतो आणि सुनावणी व्हिडिओवर होऊ शकते. परदेशात राहणाऱ्याला यापेक्षा सोयीचा मार्ग नाही. रक्कम मोठी आणि वाद गुंतागुंतीचा असेल तर ग्राहक आयोग आहेच. ब्रिटनमध्ये फायनान्शियल ओम्बड्समन सर्व्हिस, जर्मनीत विमा लोकपाल, अमेरिकेत त्या त्या राज्याचं विमा खातं.

पैसे मिळाल्यावर चोर सापडला आणि माल परत मिळाला, असंही घडतं. अशा वेळी कंपनीला कळवणं बंधनकारक असतं, कारण भरपाई दिलेल्या वस्तूवर तिचा हक्क येतो. जप्त झालेला मुद्देमाल न्यायालयात अर्ज करून सोडवावा लागतो. सोनं वितळवलं नसेल तर तिथेही साजाचा तोच फोटो आणि पानांची संख्या लिहिलेला दाखला ओळख पटवायला लागतो. साज आजीचा असेल आणि तो घरातच राहावा असं वाटत असेल, तर घेतलेली भरपाई कंपनीला परत करून दागिना ठेवता येईल का, ते दाव्याच्या पावतीवर सही करण्याआधीच लेखी विचारून घ्या.